पीठ झोपलेल्या दुपारी

"हळू बोला, पीठ झोपलंय."

ओठांवर बोट ठेवून काका असं म्हणायचे आणि समोरचा माणूस नकळत आवाज खाली आणायचा. मग तो कुरियरवाला असो, नाहीतर पाण्यावरून भांडायला आलेली शेजारीण. भांडणसुद्धा कुजबुजत व्हायचं. तुम्ही कधी कुजबुजतं भांडण ऐकलंय? फार वेळ टिकत नाही ते.

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत काका आमच्याच मजल्यावर, टोकाच्या खोलीत राहायचे. माझगावच्या गोदीत फिटर होते, आता निवृत्त. हात असे, की त्यांनी कपबशी धरली तर बशी दिसायची नाही. या माणसाने उतारवयात पिझ्झा करायला घेतला, तोही मोबाइलवर व्हिडिओ बघून. आम्ही मनसोक्त हसून घेतलं.

पहिला पिझ्झा मला अजून आठवतो. घावण्यांच्या बिडाच्या तव्यावर केलेला, वरून झाकण घालून. खालून काळा, वरून कच्चा, आणि मधे दातांना दाद न देणारा.

"कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"काका, वारा आला की दार आपटतं ना माझं, तिथे लावते."

ते मनापासून हसले. "लाव. दुसरा चांगला होईल."

दुसरा चांगला झाला नाही. पण पुढे केव्हातरी काकांचा हात बसला. पाववाल्या बेकरीतून चिमूटभर यीस्ट आणायचं, मैदा परातीत घ्यायचा आणि दोन्ही हातांनी मळायचा, इतका सावकाश की बघणाऱ्याच्याच पापण्या जड व्हाव्यात. मग तो गोळा पातेल्यात ठेवून वर काकूंच्या जुन्या साडीचा ओला तुकडा. पातेलं आत, पडद्यामागे, आणि काका दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्यावर.

आणि मजला गप्प व्हायचा. संध्याकाळी प्रत्येकाला तुकडा मिळणार असायचा ना! टीव्हीचे आवाज बारीक व्हायचे, भांडी हलक्या हाताने ठेवली जायची. मी घरूनच ऑफिसचं काम करते; त्या दुपारी लॅपटॉपवरची माझी बोटंसुद्धा मंद व्हायची. गॅलरीतल्या वाळत घातलेल्या साड्यांमधून ऊन गाळून यायचं, पिवळं, हिरवं, मधेच जांभळं, आणि फरशीवर हलत राहायचं. सगळी चाळ पाण्याखाली आहे असं वाटायचं. आंबूस, गोडसर वास दारादारांतून फिरायचा. मग संध्याकाळी काका इलेक्ट्रिकची शेगडी उचलून थेट गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचे आणि तिथे पिझ्झे भाजायचे. इतक्या लांब का, असं कोणाच्या मनात आलं नाही.

एकदा गणपतीच्या आधी खाली मुलं ढोलाचा सराव करत होती. काका पातेलं छातीशी धरून जिना उतरले, तान्हं मूल घेऊन उतरावं तसे. आम्ही कठड्यावरून बघत होतो.

"अरे पोरांनो, जरा वेळ थांबा रे. पीठ जागं झालं तर फुगणार नाही."

"काका, पिठाला काय कान असतात?"

"तुला मिळेल त्या तुकड्याला विचार."

मुलांनी हसत हसत ढोल खाली ठेवले.

काकूंना बरं नव्हतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. "अशक्तपणा आहे," असं काका सांगायचे. त्यापुढे कोणी विचारलं नाही, किंवा त्यांनी विचारू दिलं नाही.

मग एका दुपारी मी त्यांची ताटली परत द्यायला गेले. बाहेरची खुर्ची रिकामी होती. पडदा जरा बाजूला केला. पलंगावर काकू झोपल्या होत्या. डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली. उशाशी स्टुलावर ते पातेलं. पीठ फुगून काठावरून खाली लोंबत होतं, ओला कपडा घसरला होता. काका शेजारी बसून वारा घालत होते.

"काका, पीठ बाहेर आलंय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "असू दे. आत्ता डोळा लागलाय तिचा."

मी ताटली दाराशी ठेवून मागे सरले. मग तेच बाहेर आले आणि खालच्या आवाजात बोलले. परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात उपचार चालू होते. औषधांनी रात्रभर झोप नसायची, दुपारी लागली तर लागायची. "चाळीत गप्प बसा कोणाला सांगणार? खरा आजार सांगितला तर सगळा मजला भेटायला येईल, नारळपाणी घेऊन. पीठ झोपलंय म्हटलं की ऐकतात."

"पण मग पीठच का?"

"तिच्या तोंडाची चव गेलीय, कसलाच वास सोसत नाही आता. फोडणीचा नाही, माशाचा नाही. ह्याचा सोसतो. म्हणते, आईने आंबोळ्यांचं पीठ भिजवलंय असं वाटतं. त्यावर झोपते."

त्या संध्याकाळचा पिझ्झा आंबट ढाण झाला होता. सगळ्यांनी नावं ठेवत खाल्ला. मी दोन तुकडे घेतले आणि कोणाला काही बोलले नाही.

पावसाळा सरला, दिवाळी गेली. एका संध्याकाळी काका गॅलरीच्या टोकाला भाजत असताना काकू भिंतीला धरून, शाल लपेटून, स्वतःच्या पायांनी चालत आल्या. सगळे बाजूला झाले. त्यांनी तव्यावरचा कडेचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"मीठ कमी पडलां," त्या म्हणाल्या.

काकांचा हात तसाच राहिला. "परत सांग गो."

"मीठ कमी. कान नाय काय?"

"हिका चव इली!" काका ओरडले. असे ओरडले, की खालच्या अंगणातली माणसं वर बघायला लागली. "मीठ कमी म्हणाली! हिका चव इली!" तेवढं बोलून ते कठड्याकडे वळले आणि पाठमोरे उभे राहिले. तवा कोणीतरी उतरवला.

पुढे डॉक्टरांनी मोकळं केल्यावर काकूंनी गावी जायचा हट्ट धरला, आणि दोघं मालवणकडच्या आपल्या घरी निघून गेले. टोकाच्या खोलीला कुलूप आहे. मजला पुन्हा पूर्वीसारखा गजबजलेला.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. मी काकूंची तब्येत विचारली.

"थांब, ऐक," असं म्हणून त्यांनी फोन बहुधा अंगणाकडे धरला. वाऱ्याचा आवाज आला, कोंबड्यांची कलकल आली, आणि त्या सगळ्याच्या वर काकूंचा आवाज. कोणाची तरी गाय कुंपण मोडून आत आली होती आणि काकू तिच्या मालकाचा खणखणीत आवाजात उद्धार करत होत्या. एक शिवी संपली की दुसरी, मधे श्वाससुद्धा नाही.

मी हसले. मग म्हटलं, "काका, आहात ना?"

पलीकडून काकूंचाच आवाज येत राहिला. काका ऐकत होते.