करी रोडचं जर्मन नाणं

दोन महायुद्धांमधल्या काळातली जर्मन चांदीची नाणी मी जमवायचो. त्यातलं एक काही केल्या मिळत नव्हतं: पृथ्वीच्या गोलावरून उडणारं, लांबट फुग्यासारखं हवाई जहाज कोरलेलं, तीन मार्कांचं. ते करी रोडच्या एका चाळीत असल्याचं कचेरीतल्या कांबळेकडून कळलं.

"माझे बाबा बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. त्यांनी आणलंय. रविवारी ये. त्यांना ऐकणारं कुणीतरी हवंच असतं."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. त्या रविवारी हरताळ, पुढच्या रविवारी लालबागला लाठीमार. तिसऱ्या रविवारी मी ठाकूरद्वारहून निघालो, तर मोर्च्यामुळे ट्राम भायखळ्यालाच थांबली. 'झालाच पाहिजे'च्या गजरातून पुढे पायीच गेलो. तुम्ही त्या बाजूला गेलात तर लालबागच्या एखाद्या मालवणी खाणावळीत बांगड्याचं कालवण आणि भात जरूर खा. तेव्हा थोड्या आण्यांत पोट भरायचं, पण उशीर केलात तर नुसती डाळ मिळते. मी पोटभर जेवलो आणि खुशीत चाळीचा जिना चढलो.

कांबळे जिन्यातच भेटला. "परवा बाबांना झटका आला रे. वाचा गेलीय. पण तुझी वाट बघतायत."

म्हातारबाबा खाटेवर बसले होते. मुठीतलं नाणं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज निघाला.

"हॅम्बुर्गला मिळालं?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ब्रेमेन?" डोळे चमकले. हात डोक्याच्या वर हवेत संथपणे सरकला.

"जहाज स्वतः पाहिलंत?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली. मग दोन बोटं दाखवली, छातीवर हात ठेवला आणि ते रडू लागले.

"दोघं होतात? बरोबर कोण होतं, दोस्त?"

ते नुसतीच मान हलवत राहिले. कांबळेने खाटेशी बसलेल्या आईकडे पाहिलं.

"मी कधी विचारलंच नाय रे," ती हळूच म्हणाली.

निघताना मी नाणं परत देऊ लागलो, तर त्यांनी माझी मूठ घट्ट मिटवली.

घरी येऊन ते भिंगाखाली धरलं. गोल, जहाज, कडेची अक्षरं, सगळं स्वच्छ वाचता आलं. इतक्या वर्षांनी हाती आलेलं नाणं, पण आनंद काही होईना. पहिल्याच रविवारी हरताळाला न जुमानता चालत गेलो असतो तर, एवढंच मनात येत राहिलं.

काही महिन्यांनी बाबा गेले. दिवसकार्य झाल्यावर कांबळे कचेरीत आला आणि माझ्या टेबलाशी थांबला.

"त्या दिवशी बाबा तुला काय सांगत होते रे?"

"ब्रेमेनला हवाई जहाज पाहिलं म्हणाले."

"आणि?"

मी दोन बोटं दाखवली आणि छातीवर हात ठेवला.