कॅनडाला पाठवलेला बदली माणूस

ब्राह्मणपुरीत हिंमतराव पाटलांचा सालदार व्हायला कुणी फारसं राजी नसे, आणि एकदा झाला की त्याला सुटता येत नसे. सालाच्या बोलीवर राबणाऱ्या या गड्याचं वर्ष आमच्याकडे आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. आखाजीच्या दिवशी मालकाच्या ओट्यावर बसायचं, पान खायचं, नवं साल बोलायचं किंवा रामराम करून मोकळं व्हायचं. रिवाज सगळ्या गावाचा. फक्त हिंमतरावांच्या ओट्यावर त्याला एक शेपूट होतं. सुटायचं असेल तर बदली माणूस आण. तुझ्याइतकाच राबणारा, तुझ्यापेक्षा कमी खाणारा आणि अजिबात न बोलणारा. असा माणूस आमच्या तालुक्यात जन्माला येत नसल्यामुळे त्यांचा सालदार दलसिंग कितीतरी वर्षं सुटायच्या प्रयत्नात होता. तळोद्याकडे त्याची थोडी जमीन पडीक पडली होती, ती त्याला करायची होती. दर आखाजीला तो विचारी आणि दर आखाजीला हिंमतराव चष्म्यावरून बघत.

"बदली कठे शे?"

की दलसिंग पुन्हा फावडं घेऊन केळीत.

हिंमतरावांना मुलगा एकच, बन्सीलाल. तो पुण्याला शेतकी कॉलेजात शिकला आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून त्रेसष्ट साली कॅनडाला गेला. दोन वर्षांचं शिक्षण होतं. हिंमतरावांनी ते ऐकलं, बोटं मोजली आणि जाहीर केलं, "दोन साल. पासष्टनी आखाजीले मोकळा." शहाद्याकडे साखर कारखाना काढायच्या गप्पा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. कारखान्याची जागा ठरायच्या आधीच हिंमतरावांनी बन्सीलालला त्याचा मोठा शेतकी साहेब करून टाकलं. बाजारात उभे राहून ते सांगत, पोऱ्या आला की केळीचा एकेक घड उचलायला दोन-दोन माणसं लागतील. आमच्या गावाला एका माणसाने उचलायचे घडही धड येत नव्हते, पण ऐकायला बरं वाटे.

बन्सीलालची पत्रं येत. प्रोफेसरच्या हाताखाली गव्हाच्या वाफ्यांवर काम करतो, त्याचे पैसे मिळतात, बर्फ फार आहे, तब्येत सांभाळा. पुढे एकदा एक जाडजूड लोकरी कोट आला. चैत्रात, आमच्याकडे. हिंमतरावांनी तो खुंटीला लावला आणि येईल त्याला हात लावून बघायला सांगितलं. हात लावणाऱ्यालाही घाम येई.

पासष्टची आखाजी गेली. पदवी मिळाली, असं पत्र आलं. त्यानंतर सहासष्टच्या पावसाळ्यात जे पत्र आलं त्यात लिहिलं होतं की इथल्या सरकारने मला कायम राहायचा कागद दिला आहे, काळजी नसावी.

"कायम?" हिंमतराव म्हणाले. "सालदार कायमना कोणी ठेवस का?"

हिंमतरावांची पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. म्हटलं, "काका, तो तिथे सालदार नाही. शिकायला गेलाय."

"गहूना वावरमा काम कोण सांगस?"

"प्रोफेसर."

"पैसा कोण देस?"

"प्रोफेसरच."

"मंग मालक कोण?"

यावर शहाद्याच्या हायस्कुलात मला काही शिकवलेलं नव्हतं.

जसोदाकाकू आतून आल्या. त्यांनी पत्र ऐकलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन सालसाठे जाणारा माणूस खोलीले कुलूप लाईसन चावी संगे लई जास. यानी चावी मन्हा हातमा दिधी. माले तव्हयच समजनं."

"तुले काय समजस? चहा ठेव," असं म्हणून हिंमतराव उपायाला लागले. उपाय त्यांना माहीत असलेला एकच होता. बदली.

बहिणीचा मुलगा मगन नंदुरबारला राहून बी.एस्सी. झाला होता आणि घरी बसून केस विंचरायचं काम करत होता. हिंमतरावांनी त्याला ओट्यावर बोलावलं. तू कॅनडाला जायचं. बन्सीलालच्या कॉलेजात नाव घालायचं, त्याच्या वाफ्यांवर उभं राहायचं, मालकाला तुझं काम दाखवायचं आणि बन्सीलालला आखाजीच्या आत मोकळं करून इकडे धाडायचं. मगनने एवढ्या पटकन मान हलवली की ती निखळते की काय असं मला वाटलं.

"मामा, तुम्हना शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला.

पारावरचा रूपचंदही ओट्यावर टेकला होता. त्याने तिथल्या तिथे विचारलं, "हिंमतभाऊ, अन् मगनले कोण सोडाई?"

"त्याले कसाले सोडाना? तो तर बदली शे!"

बन्सीलालने फॉर्म भरून पाठवले, इतक्या उत्साहाने की हिंमतरावांना वाटलं, पोरगा सुटायला किती आतुर झालाय. गावाने मगनला हार घातले. तो लोकरी कोट त्याच्यासोबत कॅनडाला परत गेला. माझ्या माहितीत कॅनडाहून त्या घरात आलेलं आणि परत गेलेलं तेवढं एकच.

पुढची आखाजी आली. झाडांना झोके बांधले, लेकीबाळी माहेरी आल्या, आमरस झाला. बन्सीलाल आला नाही. मगनचं पत्र आलं. मामा, सर्व ठीक. मीही कायम राहायचा कागद टाकला आहे.

हिंमतराव चार दिवस ओट्यावर बसले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "इंग्रजीमा लिख. सरळ मालकले." मी म्हटलं, असं पत्र कुणी लिहीत नाही. ते म्हणाले, म्हणूनच त्याचं उत्तर येईल. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. आमचा मुलगा आपल्याकडे दोन सालांसाठी राहिला होता. ती पुरी होऊन वर दोन झाली. आमच्या रिवाजाप्रमाणे बदली माणूस दिलेला आहे, तो निर्व्यसनी आहे. तरी आपण दोघांनाही ठेवून घेतलं, हे मोठ्या माणसाला शोभत नाही. बन्सीलालला मोकळा करावा. खाली त्यांनी मराठीत सही केली आणि शिवाय गावच्या पोलीस पाटलाची साक्ष घातली.

इकडे गावात वेगळंच चाललं होतं. मगन गेल्यापासून हिंमतरावांच्या ओट्याला मान आला. ज्याचं पोर बी.ए.ला दोनदा आपटलं होतं तोही सुपारी कातरत येई. "भाऊ, मगन काही कामना नही. मन्हा पोऱ्या बदली धाडा, बन्सीलाल आठ दिनमा अठे." रूपचंद सर्वांत पुढे. बन्सीलाल परत यावा म्हणून अख्खं गाव कॅनडाला जायला तयार होतं. खोटं कशाला बोला, मीही एकदा आडून विचारलं होतं. हिंमतराव म्हणाले, "तुन्हं इंग्रजी चांगलं व्हतं तर उत्तर इतला दिनमा ई जातं."

उत्तर पावसाळ्यात आलं. टाइप केलेलं, सभ्य, एका पानाचं. मी ओट्यावर वाचून अर्थ सांगू लागलो. प्रोफेसरने लिहिलं होतं, आपलं पत्र मिळालं, मी ते आदराने वाचलं. आपल्या मुलाला इथे कोणी ठेवून घेतलेलं नाही. शिक्षण संपल्यावर तो घरी जाईल असंच मी धरलं होतं. तुमच्याकडे शेतीला शिकलेल्या माणसांची गरज असेल, असं मी त्याला दोनदा म्हणालो. राहायचा अर्ज त्याने स्वतः केला. मी फक्त त्याच्या कामाबद्दल चार शब्द लिहून दिले.

हिंमतराव म्हणाले, "कागद कोणी टाका?"

"बन्सीलालने."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. पुन्हाही बन्सीलालनेच टाकला होता.

त्यांनी पत्र घेतलं, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवलं. "जसोदाले सांगू नको." आत जसोदाकाकू भाकरी थापत होत्या. तो आवाज मधेच थांबला होता, हे आम्हा दोघांनाही ऐकू आलं होतं.

गावाला मात्र त्यांनी सांगितलं की मालक फार अडून बसलाय, बन्सीलालवाचून त्याचं पान हलत नाही.

मग अडुसष्टची आखाजी. ओट्यावर पाच-सहा जण, रूपचंद धरून. दलसिंग खाली पायरीवर बसला. पान घेतलं नाही.

"पाटील, यंदा मी जास."

सवयीने हिंमतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "बदली कठे शे?"

"शे ना."

"कोण?"

"तुम्ही."

दलसिंगने आवाज चढवला नाही. हवापाणी सांगावं तसा बोलला. "वावर तुम्हनं, केळी तुम्हनी. इतला वरीस मीच तुम्हना बदली व्हतू. आते तुम्ही उभा ऱ्हा."

रूपचंद उसळला, "अरे, कोणासंगे बोली ऱ्हायना?"

"थांब रूपचंद," हिंमतराव म्हणाले. त्यांचा हात बंडीच्या खिशावर गेला. पत्र अजून तिथेच होतं, घामाने मऊ झालेलं. मग म्हणाले, "मी तुले धरी ठेयं, नही का रे?"

"हां."

"अन् तुले जानंच व्हतं."

"पहिला दिनथाईन."

"जाय मंग."

दलसिंगने फावडं ओट्याला टेकवून ठेवलं आणि रामराम केला. त्याला निरोप द्यायला कुणी उठलं नाही. हार तर फक्त कॅनडाला जाणाऱ्यालाच घालतात.

संध्याकाळी मी केळीकडे गेलो. इंजिन धडधडत होतं. हिंमतराव धोतर वर खोचून वाफ्याचं पाणी फिरवत होते आणि ते भलत्याच वाफ्यात जात होतं. बांधावर जसोदाकाकू बसल्या होत्या. "तो नही, पलीकडला!" त्या ओरडत, आणि हिंमतराव पहिल्यांदाच बायकोचं ऐकत होते.

मी विचारलं, "काका, बन्सीलालला काय लिहू?"

त्यांनी फावडं चिखलात रोवलं, कपाळावरचा घाम पुसला. "लिख," ते म्हणाले, "जागा भराई गई."