भावासाठी उतरवलेलं वजन

आमच्या जरीपटका वस्तीतल्या मैदानावर ती मला रोज सकाळी दिसायची. चाळिशीची, अंगानं चांगलीच भरलेली. चालताना एक हात कमरेवर आणि ओठ घट्ट मिटलेले. फेऱ्या संपल्या की बाकावर बसून डबा उघडायची. त्यात मोड आलेले मूग, काकडी आणि उकडलेलं अंडं असायचं. फाटकाशी तर्री-पोह्यांची गाडी होती. आम्ही फिरायला येणारे सगळे तिथं थांबायचो, ती मात्र आपले मूग सावकाश चावत राहायची.

एकदा मी प्लेट घेऊन तिच्याजवळ बसले. विचारलं, "पोह्यांवर मन जात नाही का हो ताई?"

"जाते ना!" ती हसली. "पण लहान्या भावाले किडनी द्यायची हाय. माही जुळते, तं डॉक्टर म्हणते पयले वजन उतरवा. म्हणून उतरवून राहिली." मग हळूच म्हणाली, "आजवर सारे मले जाडी म्हणत. आता हे शरीर कोणाच्या तरी कामी येणार हाय, तं नीट ठेवा लागते."

उन्हाळ्यात ती दिसेनाशी झाली. कोणाला विचारावं, तर तिचं नावही मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती परत आली, पुष्कळ हलकी होऊन. सोबत मास्क लावलेला एक हडकुळा माणूस होता. त्याचा दंड धरून ती त्याच्या चालीनं चालत होती. मला पाहताच लांबूनच ओरडली, "ताई, हा पाहा माहा भाऊ! आता याचं वाढवायचं हाय!"