नसलेला नियम

पालखीच्या दिवशी आमच्या घरी पाहुणी होती आणि मी तिला माथेरानला पाठवून दिलं. गोष्ट एवढीच आहे, पण ती मला अजून गिळता आलेली नाही.

रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी कडावजवळच्या आमच्या गावात देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी झालो. सेक्रेटरी म्हणजे काय, तर पालखी कुठल्या वाटेने जाते हे गावात सगळ्यांना ठाऊक असताना ते दरवर्षी कागदावर लिहायचं.

मुलगी अमेरिकेत असते. एका भाद्रपदात आम्ही दोघं नवरा-बायको तिच्याकडे गेलो होतो. तिथल्या पंधरा-वीस मराठी घरांचा मिळून एक गणपती, आणि तो बसायचा चर्चच्या हॉलमध्ये. ऐकूनच माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. मी मुलीला म्हणालो, "आपणहून जागा देतात म्हणजे काहीतरी बेत असणार. आज हॉल देतील, उद्या पुस्तक देतील, परवा बाटवतील." ती नुसती हसली.

हॉलची किल्ली घेऊन सत्तरीची एक बाई आली. चर्चची जुनी सभासद. दारातच तिने बूट काढले, आणि तेही स्वतःच्या चर्चमध्ये. मग भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवून विचारलं, हा तुम्हाला चालेल, की उतरवून ठेवू? जावई म्हणाला, राहू दे. त्या क्रुसाखाली आमचा गणपती दीड दिवस मजेत बसला. रविवारी वर त्यांची प्रार्थना आणि खाली आमची आरती. आमच्या झांजा वाजून होईपर्यंत त्यांनी प्रार्थना अर्धा तास पुढे ढकलली. पुस्तक कुणी दिलं नाही.

पहिल्या वर्षी हॉल द्यायला चर्चमध्ये काहींनी विरोध केला होता, हे मुलीने मागाहून सांगितलं. तेव्हा ही बाई भर सभेत उभी राहिली होती. आपल्या देवाला आपल्या रीतीने भजता यावं म्हणून आपलीच माणसं घरदार सोडून या देशात आली, मग दुसऱ्याला जागा नाकारणारे आपण कोण, असं ती म्हणाली होती. बाटवण्याचं बोललो त्याची मला लाज वाटली. निघताना माझ्या बायकोने तिला खाणाखुणांनीच आमच्या पालखीचं आमंत्रण दिलं.

पुढच्या चैत्रात ती खरोखर आली.

चैत्रात आमच्या ग्रामदेवीची पालखी घरोघर जाते. प्रत्येक दारात टेकवतात. घरातली बाई भोयांच्या पायांवर पाणी घालते, देवीला ओवाळते, ओटी भरते. पाहुणीला हे सगळं करायचं होतं. चार दिवस आमच्या अंगणात रिकाम्या ताटाने सराव चालला होता. तिचा हात उलटा फिरायचा, बायको मनगट धरून तो सुलटा करायची आणि दोघी हसत बसायच्या.

पालखीच्या आदल्या दिवशी मी खालापूरला गेलो होतो. चहाच्या टपरीवर एका ओळखीच्या माणसाने विचारलं, "तुमच्याकडं गोरी बाई उतरलीय म्हनं. मिशनवाली हाय काय?"

"नाही हो, मुलीच्या ओळखीची आहे," मी म्हणालो.

तो "बरं" म्हणाला आणि बिस्कीट चहात बुडवू लागला. त्याच्या बाजूने विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यात मात्र एसटीत बसल्यापासून चक्रं सुरू झाली. पालखी आमच्या दारात टेकलीच नाही तर? कुणी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला तर? सेक्रेटरीच्याच घरात ख्रिस्ती बाई, म्हणून बोभाटा झाला तर? घरी पोचेपर्यंत माझा पार भित्रा ससा झाला होता.

संध्याकाळी मी पाहुणीला इंग्रजीत सांगितलं, आमच्या देवीचा नियम आहे, दुसऱ्या धर्माच्या माणसाने पालखीसमोर यायचं नसतं. बायको शेजारीच शेंगा सोलत होती. तिला इंग्रजी कळत नाही याचा मला त्या दिवशी आधार वाटला. तिला मी सांगितलं, पाहुणीला उद्याच माथेरान बघायचंय.

पाहुणी रुसली असती, वाद घातला असता, तरी मी निभावून नेलं असतं. ती म्हणाली, "बरं झालं आधीच सांगितलंत. माझ्या हातून चुकून मोडला असता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून दिलेल्या गाडीत बसून ती माथेरानला गेली. संध्याकाळी सगळ्यांसाठी चिक्की घेऊन परतली आणि फाटकातच थांबून विचारलं, "पालखी गेली ना? आता आत येऊ?"

पुढच्या वर्षी पालखी आमच्या दारात टेकली तेव्हा पालखीचे मानकरी आबा मला म्हणाले, "त्या गोऱ्या बाय मागल्या साली कुठं गेल्या व्हत्या रं? तवा इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

"माथेरानला."

"पालखीच्या दिशी? आरं, तिनं तिकडं आपल्या गनपतीला जागा दिली, तुज्या बायकोनं समद्या गावाला सांगितलेलं. तिच्या हातनं ओटी भरून घ्यायची म्हनून आमी ठरवलं व्हतं."

"मला वाटलं, लोकांना चालणार नाही."

"कुनाला इचारलंस?"

मी कुणालाही विचारलं नव्हतं. तिच्या सभेत विरोध करणारी माणसं तरी खरी होती. माझ्या गावात विरोध करणारा मी एकटाच निघालो.

तिला खरं कळवायचं ठरवलं. पत्र लिहायला बसायचो, तब्येतीची चौकशी करायचो आणि पालखीपाशी आलो की कागद बाजूला ठेवायचो. त्या थंडीत ती गेली.

यंदा गणपतीत मुलीने हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला. आरती संपली होती. मागे, उघड्या दाराच्या पलीकडे, चर्चची सात-आठ म्हातारी माणसं उभी दिसली.

"ती माणसं बाहेर का?" मी विचारलं.

"मी बोलावलं, बाबा. येत नाहीत. म्हणतात, ती सांगून गेलीय, त्यांच्या देवासमोर आपण जायचं नसतं, तो त्यांचा नियम आहे. आपल्याकडे असा नियम कधी होता?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. "कुणी काढला असला नियम?"

"मी," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना," आणि फोन घेऊन दाराकडे निघाली. ती माणसं स्क्रीनवर मोठी होत गेली. बूट हातात धरून उभी होती, त्यांच्याच हॉलच्या दाराबाहेर.