चुकांना नंबर देणारे बागवानकाका

ऑफिसचे किस्से स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठतात. एक काढायला जावं तर दहा बाहेर येतात! त्यातून ऑफिसात बागवानकाका असले, तर विचारूच नका.

तेव्हा गुडगाव अर्धं काचेचं होतं आणि अर्धं मोहरीचं. आमची बिल्डिंग सात मजली, चकाचक. समोरचा रस्ता मात्र अजून यायचा होता. मी लातूरची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आले, मुनिरक्याच्या खोलीत तीन वर्षं घासली आणि शेवटी इथे चिकटले.

काम काय? सॉफ्टवेअरमध्ये चोर शिरेल अशी फट सापडली की तिला जगभर चालणारा एक नंबर द्यायचा, म्हणजे सगळे एकाच फटीबद्दल बोलताहेत हे कळतं. नंबर देणारं टूल म्हणजे नुसता काळा स्क्रीन. बटणं नाहीत, माऊस नाही. कमांड टाईप करायची, की परदेशातल्या सर्व्हरवरून नंबर येतो. वर्षाचा कोटा ठरलेला.

हे नंबर काढायचे बागवानकाकांनी. काका मूळचे मिरजेचे. एका मंत्रालयाच्या डिस्पॅचमध्ये उभी हयात पत्रांना नंबर देण्यात गेलेली. रिटायर झाल्यावर पंधरा दिवसांत आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर रुजू झाले.

मी विचारलं, "काका, आराम नाही का करायचा?"

"पाटीलबाई, घरी बसलो की बेगम दिवसातून चारदा भाजीला पाठवते. तिला नंबर देता येत नाहीत, भाजीलाही देता येत नाहीत. माणसानं करायचं काय?"

*

पहिल्याच दिवशी काकांनी कमांड अगदी बिनचूक टाईप केली. कवायतीसारखी! एंटर दाबलं. टूलनं विचारलं, 'नक्की? हो असेल तर वाय, नाही असेल तर एन.'

काका खुर्चीत मागे सरकले. "हा कोण मला विचारणारा? याचा हुद्दा काय?"

मी म्हटलं, "काका, वाय दाबा की."

"असं कसं? प्रस्ताव मी मांडायचा आणि मंजुरीही मीच द्यायची? सस्पेंड होईन मी!"

तेव्हापासून रिवाजच पडला. कमांड काका टाईप करणार आणि हाक मारणार, "पाटीलबाई, मंजुरी!" मी उठून वाय दाबायचा. मग काका लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात नंबर चढवणार. यूपीएससीनं मला अधिकार दिले नाहीत, पण काकांनी दिले!

*

आमचे एक क्लायंट होते, सिंघलसाहेब. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये फट सापडली, नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः हजर! फटीची त्यांना काही पडलेली नव्हती.

"इसका टोटल आठ आ रहा है जी. आठ तो शनि का है! मेरी तीनों गाड़ियाँ देख लो, सब का टोटल नौ. बदल दीजिए."

काका म्हणाले, "जनाब, नंबर एक बार चढ़ गया तो चढ़ गया. रद्द होईल, पण मिटणार नाही." गडबडीत अर्धं मराठीच बोलून गेले.

सिंघलसाहेबांनी दोन मिनिटं विचार केला. "अच्छा, तो कोई दूसरी गलती ढूँढिए. नौ वाली!"

गंमत म्हणजे आठवडाभरात सापडलीसुद्धा! साहेबांनी अख्ख्या मजल्याला मिठाई वाटली. आमच्या धंद्यात चुकीबद्दल पेढे खाल्लेले आम्हीच.

*

नोव्हेंबरात मला डेंगी झाला. आठवड्यानं परत आले तर काकांच्या स्क्रीनवर प्रश्न तसाच! 'नक्की?'

"काका, आठ दिवस असंच?"

"सक्षम अधिकारी रजेवर होत्या," काका शांतपणे म्हणाले.

आमचे मोठे साहेब चड्ढा मात्र शांत नव्हते. सगळ्यांसमोर ओरडले, "बागवानजी, बहुत हो गया! साल ख़त्म होने तक अकेले करके दिखाइए. एक बार ही सही! नहीं तो नमस्ते."

 त्या दिवशी काकांनी डबाही उघडला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण आजारी मी पडले होते.

*

डिसेंबरात काकांनी रजिस्टर तपासलं आणि हादरलेच. कोट्यातले अठरा नंबर शिल्लक!

"वर्षअखेरपर्यंत वापरले नाहीत तर लॅप्स होतील. पुढच्या वर्षी कोटा कापतील!" सरकारात हयात गेलेल्या त्या माणसाचा जीवच कासावीस झाला. संध्याकाळपर्यंत सर्क्युलर फिरलं: 'अठरा नंबर शिल्लक आहेत. सर्वांनी त्वरित चुका शोधाव्यात.'

प्रोग्रामर आधी हसले, मग पैजेवर शोधायला लागले. सतरा फटी सापडल्या. अठरावी सापडली ती थेट कंपनीच्या मुख्य लॉगिनमध्ये. पासवर्डची जागा रिकामी ठेवली तरी दार उघडत होतं! तो कोड चड्ढासाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला.

काकांनी त्यालाही नंबर काढला. "पाटीलबाई, मंजुरी!" मी वाय दाबला. अठरापैकी एकही वाय काकांनी दाबला नव्हता, आणि हे साहेबांनी बरोबर मोजलं होतं.

*

एकोणतीस तारखेला चड्ढासाहेब पत्र घेऊन आले. कॉन्ट्रॅक्ट समाप्त.  माझे डोळे भरून आले.

काकांनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचलं, मागची कोरी बाजूही वाचली. "साहब, नंबर?"

"कैसा नंबर?"

"चिट्ठी पर नंबर नहीं है. बग़ैर नंबर के रजिस्टर में कैसे चढ़ाऊँ?"

साहेब वैतागले. "अरे यार, तो दे दो ना नंबर! वही तो काम है आपका!"

काकांनी कमांड टाईप केली. आम्ही सगळे खुर्च्या सोडून मागे उभे. स्क्रीनवर उत्तर आलं: 'या वर्षाचा कोटा संपला. पुढच्या वर्षातला नंबर धरायचा? हो असेल तर वाय, नाही असेल तर एन.'

सवयीनं मी पुढे झाले. काकांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

मग चष्मा सावरला, एक बोट पुढे केलं आणि स्वतः दाबलं. एन!

"लीजिए साहब," काका म्हणाले, "अकेले किया."