पडलास की सोड

मिलिटरीमास्तरांचा डावा कान कांदाभजीसारखा चुरगळलेला होता. तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या सुमारास ते एडवणच्या आमच्या शाळेत कवायत शिकवायला आले. आम्हा दातिवऱ्याच्या पोरांना त्यांच्या आवाजापेक्षा त्या कानाचीच धास्ती. पलटणीत गोऱ्यांबरोबर रग्बी खेळताना तो तसा झाला म्हणे. कुणी विचारलंच तर "अजून एक आहे" म्हणत ते उजवा कान चोळत.

ओहोटीला ओली वाळू कडक झाली की ते आपला लांबोडा चेंडू काढत. आधी नियमांच्या जन्मकथा सांगत. "प्रत्येक नियमाखाली कुणाचं तरी हाड पुरलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पूर्वी समोरच्याच्या नडगीवर बुटाची लाथ मारायची मुभा होती. खूप नडग्या मोडल्या तेव्हा कुठे ती बंद झाली. रेषेपलीकडे चेंडू टेकवला तरी गुण मिळत नसे, नुसती गोलात लाथ मारून बघायची परवानगी. म्हणून त्याला ट्राय, म्हणजे प्रयत्न, म्हणतात. चेंडू लांबोडा, कारण आत डुकराचा मूत्राशय असे, आणि तो तोंडाने फुगवावा लागे. फुगवता फुगवता एक बाई छातीच्या रोगाने गेली, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी चेंडूला हात लावायला कुणी पुढे येईना.

एक नियम मात्र आम्हाला काही केल्या जमेना. पडलास की सोड. कुणी पाडलं की चेंडू तिथल्या तिथे सोडायचा. आम्ही कोळ्यांची पोरं. चालायला लागल्यापासून ऐकलेलं एकच, हातातला दोर सोडायचा नाही. हात सोडायला तयारच होत नसत.

एकदा मी पडलो आणि चेंडू पोटाशी धरून राहिलो. वरून सगळे कोसळले. तोंड वाळूत, श्वास बंद. संपलं, असंच वाटलं. मास्तरांनी एकेकाला गचांडी धरून बाजूला फेकलं. मी वर पाहिलं, तर ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले.

"माझ्याखाली असाच एक जण होता," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याने सोडला नाही. उठलाच नाही तो."

त्या दिवसापासून कानाची भीती गेली आणि या वाक्याची बसली.

पुढे सुट्टीत बाबांबरोबर होडीवर गेलो. खाडीच्या तोंडाशी प्रवाहाने जाळं खेचलं आणि दोरासकट मी पाण्यात गेलो. दोर दोन्ही हातांत घट्ट. जाळं मला खाली नेत होतं. छातीत तीच वाळूतली धडकी भरली, मास्तरांचा तो हळू आवाज आठवला, आणि हात उघडले. बाबांनी केसांना धरून मला वर घेतलं. जाळं गेलं ते गेलंच.

घरी येताना मी बाबांना मास्तरांचा नियम सांगितला. शाळा उघडली तेव्हा सुरमई घेऊन ते मास्तरांसमोर उभे राहिले.

"मास्तर, आमी त्याला धरायला शिकवला. तुमी सोडायला शिकवला, म्हून पोर हाय."

मास्तर भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे राहिले.

वर्ष संपलं आणि ते गावी परत निघाले. सफाळ्याच्या स्टेशनवर मी पोचवायला गेलो होतो. खिडकीतून त्यांनी माझा हात धरला. गाडी हलली. मी चालू लागलो, मग पळू लागलो. फलाट संपत आला तरी त्यांची पकड सुटेना.

शेवटी मीच म्हणालो, "मास्तर, सोडा."