तिसरी वायर काढली, तरी आवाज तसाच

आज सकाळी भंगारवाला बाबांची जुनी गाडी न्यायला येणार होता. चढावर ती दचके द्यायची, सायलेन्सरमधून फटाके फोडायची. दोन मेकॅनिक म्हणाले, इंजिन गेलं. मीच बाबांना विकायला तयार केलं होतं.

तो यायच्या आधीच बाबा बोनेट उघडून उभे. "माहे हात थरथरतेत पोरी, पण कान चांगले हायेत. रबरी हातमोजे घाल अन् स्पार्क प्लगच्या वायरी एकेक काढून पाह्य."

इंजिन चालूच होतं. पहिली वायर काढली, ते अडखळलं. परत लावली. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, तर आवाजात काहीच फरक नाही.

"हा सिलिंडर कामच नाई करून राह्यला!" बाबा म्हणाले.

प्लग बदलला, तरी तेच. मग वायर बदलली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. जुनी वायर आतून तुटली होती.

बाबांनीच भंगारवाल्याला फोन लावला, "येऊ नको भाऊ." मग चावी माझ्या हातात देऊन पहिल्यांदाच ते शेजारच्या सीटवर बसले. "चाल, आलापल्लीपर्यंत जाऊन येऊ."

मी दोन मेकॅनिकांना विचारलं, बाबांना एकदाही नाही. तुमच्या घरी कोणाला विचारायचं राहून गेलंय?